बोलल्यानंतरची कामे

नैराश्याच्या आजारातून मी बाहेर पडलो, त्याला आता काही वर्षे झाली. त्या काळात मरणाचे विचार मनात सतत येत असत. त्यातून सावरलेला तरुण म्हणून मला अधूनमधून एखाद्या महाविद्यालयात, व्यायामशाळेत किंवा गणेशोत्सवात चार शब्द बोलायला बोलावतात. तेथील फलकावर बहुधा ‘मन मोकळे करा’ असे लिहिलेले असते. ते खरे आहे, पण तेवढ्याने भागत नाही. एखाद्याने मन मोकळे केले की ऐकणाऱ्याच्या पदरात कामे पडतात. कोणाला तरी रात्री सोबत थांबावे लागते, कोणाला तरी दवाखान्याच्या रांगेत उभे राहावे लागते, कोणाला तरी कर्जवसुलीचे फोन घ्यावे लागतात आणि कोणाला तरी आईची समजूत काढावी लागते. माझ्या बाबतीत ही कामे घरच्यांनी, मित्रांनी आणि सरकारी रुग्णालयातल्या काही माणसांनी वाटून घेतली, म्हणून मी आज हे लिहू शकतो. ते सगळे कसे घडत गेले, हे सांगण्यासाठी हे लेखन आहे.

आमचे गाव अमरावती जिल्ह्यातल्या संत्र्याच्या पट्ट्यात आहे. पदवीनंतर मी स्पर्धा परीक्षांसाठी पुण्याला गेलो, अभ्यासिकेत जागा धरली आणि वयाची तिशी जवळ आली तेव्हा निकालाविना गावी परत आलो. परत आलेल्या मुलाकडे गाव कसे पाहते, हे विदर्भ-मराठवाड्यातल्या हजारो तरुणांना सांगण्याची गरज नाही. ‘सध्या काय करतोस?’ हा प्रश्न प्रत्येक लग्नात, प्रत्येक मयतीला आणि एसटी स्टँडवर विचारला जातो. स्थळे पाहायला जावे, तर नोकरी नसलेल्या शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी द्यायला कोणी तयार नसते. त्या वर्षी बागेत फळगळ मोठी झाली. घरखर्च आणि मजुरी भागवण्यासाठी मोबाइलवरून घेतलेली लहान लहान कर्जे थकत गेली, आणि त्यांतले एक फेडण्यासाठी दुसरे काढण्याचा क्रम सुरू झाला.

आजार कधी सुरू झाला, हे नेमके सांगता येत नाही. पहाटे तीनच्या सुमारास जाग यायची आणि मग डोळा लागत नसे. जेवणाला चव राहिली नव्हती. ओलिताची मोटार सुरू करावी की नाही, एवढा साधा निर्णयही घेता येत नसे. रडू मात्र येत नव्हते, राग येत होता. पुतण्याने मोठ्याने हसले तरी मी खेकसायचो. संध्याकाळी दारू वाढली होती. घरात याला आळस म्हटले गेले, नातेवाइकांनी संगत बिघडली असे म्हटले, आणि लग्न झाले की पोरगा ताळ्यावर येईल यावर सर्वांचे एकमत होते. पुरुषाचे नैराश्य पुष्कळदा चिडचिड, व्यसन आणि अबोला या रूपांत दिसते, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितले. हे घराघरांत माहीत असते तर कितीतरी मुलांच्या वाट्याला बोलण्यांऐवजी उपचार आले असते, असे मला मनापासून वाटते.

आमच्याकडे शेतीला वीज आळीपाळीने येते, एका आठवड्यात दिवसा आणि दुसऱ्या आठवड्यात रात्री. अशाच एका रात्रपाळीत लहानपणापासूनचा माझा मित्र ओलिताला सोबत म्हणून शेतात आला. तो गावातच दुचाकी दुरुस्तीचे दुकान चालवतो, त्याने मानसशास्त्राचे एकही पुस्तक वाचलेले नाही. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग त्याने सरळ विचारले, ‘खरं सांग मले, जीव द्यायचं मनात येऊन राह्यलं का तुह्या?’ मी हो म्हणालो. एवढा स्पष्ट प्रश्न विचारल्याने समोरच्याच्या डोक्यात तो विचार शिरेल, अशी भीती लोकांना वाटते. तज्ज्ञांचे मत आणि माझा अनुभव दोन्ही याच्या उलट आहेत. त्या प्रश्नाने माझ्या छातीवरचे ओझे काही अंशी उतरले, कारण जे मी लपवत होतो ते दुसऱ्या माणसाला आधीच दिसलेले होते आणि तरीही तो तेथेच बसून होता.

त्याने मला आईबापांची शपथ घातली नाही, भित्रा म्हटले नाही, लोक किती मोठ्या संकटांतून उभे राहतात याच्या गोष्टीही सांगितल्या नाहीत. ‘आज रात्री काही करशील असं वाटते का?’ एवढे त्याने विचारले. मला खात्री नाही, असे मी म्हणालो. तेव्हा त्याने मोटार बंद केली, मला आपल्या घरी नेले आणि तेथून आम्ही १४४१६ या क्रमांकावर फोन लावला. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिच्यावर मराठीत बोलता येते. हा क्रमांक मित्राने कुठल्याशा दवाखान्याच्या भिंतीवर वाचला होता. समुपदेशक बाईंनी आधी मी आत्ता कुठे आहे आणि सोबत कोण आहे हे विचारले. नंतर झोप, दारू, जुना आजार यांची चौकशी केली, आणि मग त्या मित्राशी बोलल्या. पुढचे काही दिवस मला एकटे सोडू नये, जिवाला धोका होईल अशी कोणतीही वस्तू हाताशी ठेवू नये आणि लवकरात लवकर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्यावे, अशी तीन कामे त्यांनी त्याला नेमून दिली.

यातले दुसरे काम मला विशेष महत्त्वाचे वाटते. मरणाची तीव्र ऊर्मी बहुतेक वेळा फार काळ टिकत नाही. तेवढा वेळ माणूस सुरक्षित राहिला तर तो पुढे उपचारांपर्यंत पोहोचू शकतो. शेतकऱ्याच्या घरात फवारणीची औषधे असणारच. माझ्या भावाने ती सगळी घरातून आणि शेतातल्या खोपडीतून काढून दुसऱ्याच्या गोदामात कुलपात ठेवली आणि किल्ली वहिनीकडे दिली. आजही आमच्याकडे तशीच व्यवस्था आहे. ज्या घरात आजारी माणूस नाही, त्या घरानेही ती करावी, कारण वाईट रात्र कोणावर कधी येईल हे आधी सांगता येत नाही.

सकाळी घरी सांगण्याचे काम मित्रानेच केले. आई रडली. वडील बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी विचारले की दवाखान्यात असे सांगितले तर पोलीस केस होईल का? हा प्रश्न मी नंतर अनेक घरांत ऐकला आहे, म्हणून त्याचे उत्तर येथे सविस्तर देतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन यांची व्यवस्था करणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेतले जुने कलम ३०९ राहिलेलेच नाही. माझ्या बाबतीत तर प्रयत्नही झालेला नव्हता, केवळ विचार होते, आणि ते डॉक्टरांना सांगणे हा कधीच गुन्हा नव्हता. पोलीस भरती किंवा तलाठ्याची परीक्षा देणाऱ्या मुलांना आणखी एक भीती असते, ती म्हणजे आजार गावभर होण्याची. याच कायद्याने रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिलेला आहे.

रुग्णालयातला पहिला दिवस थकवणारा होता. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झाले असल्यामुळे पैशाची चिंता नव्हती. पण केसपेपरची रांग, मग विभागासमोरची रांग, आणि त्या रांगेत ओळखीचे कोणी दिसेल का याची धास्ती, हे सगळे आजारी माणसाला एकट्याने झेपणारे नाही. मी दोनदा उठून परत निघालो आणि दोन्ही वेळा मित्राने काही न बोलता चहा आणून हातात दिला. बाकावर माझ्या वयाची बरीच मुले होती. एक जण कंपनीच्या गणवेशातच आला होता आणि अर्ध्या दिवसाचा पगार कापला जाणार म्हणून सारखा घड्याळ पाहत होता.

आत गेल्यावर नऊ प्रश्नांचा एक कागद भरायला दिला. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी आहे, भूक कशी आहे, कामात रस वाटतो का, स्वतःविषयी काय वाटते, असे ते प्रश्न होते, आणि नववा प्रश्न मरणाच्या विचारांविषयी होता. त्यापुढे खूण करताना माझा हात थांबला. डॉक्टरांनी ते पाहिले, कागद बाजूला ठेवला आणि मित्राला बाहेर बसायला सांगून मला बोलते केले. रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या, त्यांत थायरॉइडचीही होती, कारण त्या ग्रंथीच्या बिघाडातही अशीच लक्षणे दिसू शकतात. मग त्यांनी आजाराचे नाव सांगितले आणि तो बरा होण्यासारखा आहे हे दोनदा सांगितले. दुसऱ्यांदा सांगताना त्यांनी वडिलांना आत बोलावून घेतले होते.

त्याच भेटीत विभागातल्या मानसशास्त्रज्ञ ताईंनी माझ्याकडून एक कागद लिहून घेतला. मन काळवंडू लागले आहे हे कशावरून ओळखायचे, तेव्हा स्वतः काय करायचे, कोणाकडे जाऊन बसायचे, कोणाला फोन करायचा, कोणता दवाखाना गाठायचा आणि घरातल्या कोणत्या वस्तू दूर ठेवायच्या, हे सगळे त्यात माझ्याच शब्दांत होते. ‘पहाटे जाग आली आणि अर्ध्या तासात झोप लागली नाही तर भावाला उठवायचे’ ही त्यातली पहिली ओळ. भावाने ती वाचली आणि त्या दिवसापासून आपली खाट माझ्या खोलीत आणली. तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता, आणि मी तो अनेकदा वापरला.

औषध सुरू झाले, पण आराम लगेच पडला नाही. अशा गोळ्यांचा गुण यायला साधारणपणे दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्तही. त्याआधी मळमळ, अस्वस्थता, तोंड कोरडे पडणे असे त्रास मात्र सुरू होतात. विशेषतः पंचविशीच्या आतल्या रुग्णांवर या सुरुवातीच्या काळात घरच्यांनी बारीक लक्ष ठेवावे लागते. हे आधी सांगितलेले असूनही दुसऱ्याच आठवड्यात घरात गोळ्या बंद करण्याची भाषा सुरू झाली. एका नातेवाइकाने झोपेच्या गोळ्यांची सवय लागेल म्हणून घाबरवले, दुसऱ्याने बाहेरची बाधा सुचवून एका महाराजांचा पत्ता दिला. येथे वहिनी उभी राहिली. गोळ्यांची पाकिटे तिने आपल्याकडे ठेवली, रोज रात्री जेवणानंतर ती एक गोळी हातावर द्यायची आणि मी गिळेपर्यंत समोर थांबायची. आईला देवळात जायचे होते, तेथे आम्ही गेलो. आईच्या श्रद्धेवर माझा राग नाही, पण देवाच्या नावाने औषध बंद करायला लावणाऱ्यांनी कितीतरी घरे उद्ध्वस्त केली आहेत, आणि त्यांना गावाने ठामपणे अडवले पाहिजे.

ताईंकडच्या भेटी काही महिने चालल्या. तेथे माझ्या बालपणाची लांबलचक चिरफाड होईल असे मला वाटले होते, प्रत्यक्षात पुढच्या आठवड्यात काय करणार यावरच जास्त बोलणे व्हायचे. इच्छा होण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी एखादे लहान काम करायचे आणि नंतर कसे वाटले ते वहीत लिहायचे, अशी ती पद्धत होती. सकाळी एका ओळीतल्या झाडांची आळी साफ करणे, आठवड्यातून एकदा पुतण्याला शाळेत सोडणे, एका मित्राला स्वतःहून फोन करणे, अशी ती कामे असत. दारू बंद करण्यासाठी वेगळे प्रयत्न करावे लागले, कारण तिने आधीच मोडलेली झोप आणखी मोडत होती.

कर्जाचा प्रश्न मात्र गोळीने सुटणारा नव्हता, आणि याविषयी मला आग्रहाने लिहायचे आहे. तरुणांच्या मानसिक आरोग्यावर बोलताना आपण सगळा भार त्याच्या मनावर टाकतो आणि त्याच्या खिशाकडे, रोजगाराकडे, घरातल्या अपेक्षांकडे पाहायचे टाळतो. माझ्या आतेभावाने माझा मोबाइल आपल्याकडे घेतला, सगळी कर्जे एका कागदावर मांडली आणि वसुलीचे फोन स्वतः घ्यायला सुरुवात केली. एका कंपनीचा माणूस रात्री नऊनंतर फोन करून शिवीगाळ करायचा. सकाळी आठच्या आधी आणि सायंकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आतेभावाने त्याला ऐकवला, संभाषण ध्वनिमुद्रित केले आणि लेखी तक्रार पाठवली. त्यानंतर ते फोन थांबले. मोठ्या भावाने बैलजोडी न विकता सोसायटीतून कर्ज काढले आणि मोबाइलवरची कर्जे एकेक करून मिटवली. त्यांच्या मिटण्याचा माझ्या झोपेवर झालेला परिणाम औषधाइतकाच मोठा होता.

बरे वाटू लागल्यावर मी या विषयावर वाचू लागलो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यांतले १,२२,७२४ पुरुष होते. राज्यांत महाराष्ट्र पहिला होता, २२,७४६ मृत्यूंसह. देशातल्या एकूण आत्महत्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश १८ ते ४५ या वयातले होते, आणि व्यवसायांनुसार सर्वांत मोठा गट रोजंदारी मजुरांचा होता. हे आकडे वाचताना मला तो कंपनीच्या गणवेशातला मुलगा आठवत राहिला. ज्याला उपचारासाठी मजुरी बुडवावी लागते, त्याला ‘वेळीच मदत घ्या’ असे सांगून समाजाची जबाबदारी संपत नाही.

काय करता येते, याचे उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबवला गेला. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांनी नैराश्याची लक्षणे ओळखावीत, घरी जाऊन धीर द्यावा, समुपदेशकाशी गाठ घालून द्यावी आणि गरजेप्रमाणे मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत पोहोचवावे, अशी ती रचना होती. प्रकल्पाआधी नैराश्य असलेल्यांपैकी केवळ ४.३ टक्के लोक उपचारांपर्यंत पोहोचत होते, अठरा महिन्यांनंतर ते प्रमाण २७.२ टक्के झाले. वर्षभरात आत्महत्येचे विचार आले असे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. माझ्या मित्राने, वहिनीने आणि आतेभावाने केलेली कामे तेथे प्रशिक्षण देऊन, रीतसर नेमणूक करून करवली गेली, एवढाच मला फरक दिसतो. ज्या तरुणाला असा मित्र नाही, त्याच्यासाठी ही कामे व्यवस्थेने करायची असतात.

गावातल्या आमच्या मंडळाने आता काही जबाबदाऱ्या घेतल्या आहेत. शेजारच्या तालुक्यात एका तरुणाने जीव दिला तेव्हा त्याची छायाचित्रे आणि मृत्यूचे तपशील व्हॉट्सॲपवर फिरू लागले. आम्ही प्रत्येक ग्रुपच्या ॲडमिनला फोन करून ते काढायला लावले, कारण असे तपशील पसरल्याने आधीच खचलेल्या दुसऱ्या मुलाला धोका वाढतो. त्या तरुणाच्या वर्गमित्रांच्या घरी जाऊन आम्ही बसलो. परीक्षेचा निकाल लागतो त्या आठवड्यात, आणि फळगळीच्या वा बाजार पडण्याच्या दिवसांत, कोण घराबाहेर दिसत नाही याकडे मंडळातली मुले लक्ष ठेवतात. उपचार करणे हे आमचे काम नाही, दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचवणे मात्र आहे.

माझे औषध बरे वाटल्यावरही बरेच महिने चालू राहिले आणि नंतर डॉक्टरांनी ते हळूहळू कमी करत थांबवले. पुन्हा लक्षणे दिसली तर काय करायचे, हे आम्हाला सर्वांना ठाऊक आहे. मध्यंतरी आम्ही गावातल्या आणि आजूबाजूच्या लोकांच्या सह्या घेऊन एक अर्ज केला. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक ग्रामीण रुग्णालयात ज्या दिवशी येते, तो दिवस आठवडी बाजाराचा असावा, म्हणजे मजुरांचा रोज बुडणार नाही आणि बाजाराला आलेला मुलगा कोणाच्या नजरेत न येता तपासून जाईल. पथकाच्या तारखा एसटी स्टँडवर आणि कृषी सेवा केंद्रांत लावाव्यात, अशीही मागणी त्यात आहे. अर्ज जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात दिला असून त्याची पोच आमच्याकडे आहे. उत्तर येईपर्यंत दर महिन्याला तेथे जाऊन विचारण्याचे काम माझ्याकडे आले आहे.